समुद्रातील कुरण
(द्वितीय वर्ष कला)

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आजोबा मेंढपाळ होते, वडील आजही मेंढरेच राखतात. दिवाळी उलटली की आमचा वाडा माणदेशातून बाहेर पडतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत येतो. द्वितीय वर्षाला पर्यावरणाच्या विषयासाठी प्रकल्प लिहावयाचा होता, तेव्हा मी सरांना म्हणालो, "सर, मी चराईवर लिहितो. तेवढेच मला नीट कळते." सर म्हणाले, "अवश्य लिही. पण माळावरच्या चराईबरोबर समुद्रातल्या चराईचीही माहिती काढ." समुद्रात कोण चरते, हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हते. वर्गातली मुले हसली आणि मीही त्यांच्यात हसलो.

पुढे सरांनीच लक्षद्वीप बेटांवरील काही शोधनिबंध मिळवून दिले. शब्दकोश शेजारी ठेवून मी ते महिनाभर वाचत होतो. मी शास्त्र शाखेचा विद्यार्थी नव्हे, त्यामुळे सगळेच समजले असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु जे समजले त्याने माझे एक ठाम मत बदलले. ते कसे बदलले हे वर्गबंधुभगिनींना सांगावे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

समुद्री गवत म्हणजे काय?

समुद्रात वाढणाऱ्या सर्वच हिरव्या वस्तूंना आपण शेवाळ म्हणून मोकळे होतो. समुद्री गवत मात्र शेवाळ नव्हे. त्याला खरीखुरी मुळे असतात, पाने असतात, फुले येतात आणि बीही धरते. फुलणाऱ्या वनस्पतींपैकी खाऱ्या पाण्याखाली राहून आपला सारा संसार करणारा हा एवढाच गट. जगात त्याच्या सुमारे ७० जाती आहेत. भारतात मन्नारचे आखात, पाल्कची सामुद्रधुनी, कच्छचे आखात, अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप येथे ही कुरणे आढळतात. गोव्याच्या आणि कोकणाच्या काही खाड्यांतील चिखलातही हॅलोफिला नावाचे इवलेसे समुद्री गवत उगवते. ओहोटीच्या वेळी ते उघडे पडते, पण त्याच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

या गवताची ठेवण आपल्या हरळीसारखी असते. वाळूखाली आडवे खोड पसरत जाते. त्याला खाली मुळे फुटतात आणि वर पानांचे झुबके येतात. पानाची वाढ शेंड्याकडून होत नाही, बुडाकडून होते. म्हणून वरचे पान कोणी खाल्ले तरी खालून नवे पान वर सरकते. हरळी कितीही खुरपली तरी पुन्हा का उगवते, हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगावयास नको. खोडात साठवलेले पिष्ट पदार्थ ही तिची शिल्लक असते आणि संकटाच्या वेळी ती त्या शिलकीवर जगते. समुद्री गवताचेही तसेच आहे.

या कुरणांचे उपयोग मोठे आहेत. पानांच्या दाटीत लहान माशांना आसरा मिळतो. लाटांचा जोर कमी होतो. मुळांमुळे वाळू जागच्या जागी धरून राहते. समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच असलेल्या बेटांना याचे महत्त्व किती असेल याची कल्पना करता येईल.

चरणारे कासव

आपल्याकडे रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गाव कासवांमुळे प्रसिद्ध आहे. तेथे अंडी घालण्यास येते ते ऑलिव्ह रिडले कासव. ते खेकडे, कोळंबी, जेलीफिश असे खाद्य खाते. ते चरणारे नव्हे. चरते ते हिरवे कासव. पिल्लू असताना ते मिळेल ते खाते, पण मोठे होऊ लागले की बहुतांशी शाकाहारी बनते. पूर्ण वाढलेल्या कासवाचे वजन शंभर किलोच्या पुढे सहज जाते. त्याच्या आतड्याच्या शेवटच्या भागात सूक्ष्म जीव असतात आणि तेच गवतातील चोथा आंबवून पचवतात. गाय-मेंढीच्या पोटात जे काम चालते तेच कासवाच्या पोटात चालते, फक्त जागा निराळी. हे वाचून मला हे जनावर एकदम ओळखीचे वाटू लागले.

त्याच्या चरण्याचीही एक रीत आहे. अमेरिकेतील शास्त्रज्ञ कॅरन ब्योर्नडाल यांनी बहामा बेटांजवळच्या हिरव्या कासवांचा अभ्यास करून १९८० मध्ये तो प्रसिद्ध केला. कासवे कुरणाचा एक तुकडा निवडतात, पाने बुडाजवळ कापतात, आणि पुन्हा पुन्हा त्याच तुकड्यावर येऊन नव्याने फुटलेले कोवळे पान खातात, असे त्यांना दिसले. कोवळ्या पानात प्रथिने जास्त असतात आणि चोथा कमी. मेंढरेही जून गवत टाकून कोवळ्या फुटीकडेच धावतात.

अगत्तीच्या कोळ्यांची तक्रार

आता लक्षद्वीपकडे वळू. केरळच्या किनाऱ्यापासून दोनशे ते साडेचारशे किलोमीटर दूर, अरबी समुद्रात ३६ बेटांचा हा समूह आहे. त्यांपैकी १० बेटांवर वस्ती आहे. सगळ्या बेटांची मिळून जमीन सुमारे ३२ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या दोन-तीन मोठ्या गावांच्या शिवाराएवढी. बहुतेक बेटे प्रवाळांची कंकणद्वीपे आहेत. प्रवाळाच्या कड्याच्या आत उथळ, शांत पाणी असते. त्याला लगून म्हणतात. या लगूनच्या वाळूत समुद्री गवताची कुरणे होती. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून केलेले या कुरणांचे नकाशे १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. कुरणे पूर्वी होती की नव्हती, हा वाद त्यामुळे उरत नाही.

लक्षद्वीपमध्ये पूर्वी हिरव्या कासवांची शिकार होत असे. त्यांची चरबी लाकडी होड्यांना लावत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, सागरी कासवांना त्यात सर्वांत कडक संरक्षण मिळाले, आणि शिकार हळूहळू थांबली. याच काळात कोळी लोक बाहेरच्या समुद्रातील टूना माशांच्या मासेमारीकडे वळले. पुढे या शतकाच्या सुरुवातीला अगत्ती बेटाच्या लगूनमध्ये हिरवी कासवे मोठ्या संख्येने जमू लागली. जगभर ज्यांची संख्या घटत होती ते प्राणी येथे डोळ्यांदेखत वाढत होते. निसर्गप्रेमींना आनंद व्हावा अशीच ही गोष्ट होती.

परंतु अगत्तीच्या कोळ्यांना आनंद झाला नाही. त्यांचे म्हणणे असे की, कासवांनी गवत संपवले, गवत गेले म्हणून लगूनमधले मासे गेले, शिवाय कासवे जाळीही फाडतात.

येथपर्यंत वाचले तेव्हा माझे मन कासवाच्या बाजूला होते, हे मला कबूल केले पाहिजे. चरणाऱ्या जनावरावर सगळेच आळ घेतात. मी सातवीत असताना एका कार्यालयातील साहेबांनी आमच्या आजोबांना भर उन्हात उभे करून, "तुमच्या मेंढरांनीच हा माळ उजाड केला," असे ऐकवले होते. आजोबा काही सांगू पाहत होते, ते कोणी ऐकून घेतले नाही. माळावर किती मेंढरे येतात, किती दिवस राहतात, गवत किती वाढते, हे कोणी मोजलेही नव्हते. त्यामुळे अगत्तीचे कासवही असेच विनाकारण बदनाम झाले असेल, आणि शास्त्रज्ञ त्याला निर्दोष ठरवतील, अशा आशेने मी पुढची पाने उलटली.

मोजमाप

म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन या संस्थेचे संशोधक लक्षद्वीपमध्ये अनेक वर्षे काम करत आले आहेत. रोहन आर्थर आणि स्पेनच्या तेरेसा अल्कोवेर्रो यांची नावे या कामात पुन्हा पुन्हा येतात. नचिकेत केळकर, मयुरेश गांगल ही मराठी नावेही त्यांत वाचली तेव्हा बरे वाटले. या मंडळींनी कोळ्यांची तक्रार हसण्यावारी नेली नाही आणि तशीच खरीही मानली नाही. त्यांनी ती मोजून पाहिली.

मोजण्याची त्यांची रीत समजून घेण्याजोगी आहे. पहिली गोष्ट पिंजऱ्याची. कुरणाच्या लहान लहान तुकड्यांभोवती जाळीचे कुंपण करावयाचे. लहान मासे आत-बाहेर करू शकतात, कासव मात्र आत शिरू शकत नाही. शेजारीच तेवढाच तुकडा मोकळा ठेवावयाचा. ऊन, पाणी, वाळू दोन्हीकडे सारखीच. मग काही काळाने दोन्हींत जो फरक दिसेल तो कासवांचा, असे म्हणता येते. आम्ही गावाकडे कुरणाचा एखादा तुकडा काट्यांनी राखून ठेवतो, तसेच हे. फक्त आम्ही शेजारच्या तुकड्याशी त्याची तुलना कधी लिहून ठेवली नाही.

दुसरी गोष्ट सुईची. गवत रोज किती वाढते हे कळावयाचे कसे? पानांच्या झुबक्याला बुडाशी सुईने भोक पाडतात. जुन्या पानावरचे भोक जागच्या जागी राहते. कोवळे पान वाढत असल्याने त्याच्यावरचे भोक वर सरकते. काही दिवसांनी परत जाऊन दोन भोकांमधले अंतर मोजले की वाढ कळते. हे सारे पाण्याखाली, हातात पाटी घेऊन.

तिसरी गोष्ट कात्रीची. कासवासारखी पाने स्वतःच कापावयाची आणि गवत त्याला कसे तोंड देते ते पाहावयाचे. याखेरीज ठरावीक रेषेत जाऊन कासवांची मोजणी करावयाची आणि पाण्यात पोहत माशांची नोंद ठेवावयाची.

निष्कर्ष

अगत्तीवरील अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. कासवे जेथे दाटीने चरत होती तेथे गवताची पाने आखूड व अरुंद झाली होती, झुबके विरळ झाले होते आणि फुले येण्याचे प्रमाणही घटले होते. गवताची जातच बदलू लागली होती. रुंद पानांचे, सावकाश वाढणारे थॅलेशिया मागे पडून झटपट वाढणारे सायमोडोसिया पुढे येत होते. चराई फार झालेल्या माळावर चांगले गवत जाऊन कुसळ शिल्लक राहते, त्याची मला येथे आठवण झाली.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला दुसरा अभ्यास नऊ ठिकाणांचा होता. पानांची जेवढी नवी वाढ होत होती, तिच्यापैकी सरासरी सुमारे ६० टक्के कासवे खात होती. आणि जेथे कासवांची गर्दी सर्वांत जास्त होती तेथे हा आकडा १७० टक्क्यांच्या घरात गेला होता. शंभराच्या वर टक्के कसे, असा प्रश्न मला प्रथम पडला. उत्तर सोपे आहे. शंभर रुपये व्याज येते आणि खर्च एकशे सत्तर आहे, तर वरचे सत्तर मुद्दलातून जातात. कासवे नवी वाढ संपवून कुरणाचे मुद्दल खात होती.

आणि मासे? त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आणखी एका निबंधात संशोधकांनी कोळ्यांच्या म्हणण्याची कडी अन् कडी तपासली. कासवांनी चरून आखूड केलेल्या गवतात माशांना आसरा उरत नाही आणि मासे घटतात, हे त्यांना आढळले. कोळ्यांच्या तक्रारीत तथ्य होते. पुढे २०२१ मध्ये मयुरेश गांगल व सहकाऱ्यांनी साऱ्या द्वीपसमूहाचा हिशेब मांडला. कासवे एका लगूनमध्ये जमत, तेथील कुरण नाहीसे होत येई, मग ती दुसऱ्या बेटाकडे जात. अशा रीतीने एकामागून एक कुरणे नावापुरती उरली.

माझी निराशा झाली हे खरे. ज्याच्यावर आळ आला होता त्याच्याकडूनच ते घडले होते. पण थोडा विचार केल्यावर दुसरी बाजू दिसली. अगत्तीच्या कोळ्यांजवळ पदव्या नव्हत्या, त्यांच्याजवळ रोजच्या पाहण्यातून आलेले ज्ञान होते. ते कोणीतरी खाली बसून ऐकले, आणि पाण्यात उतरून पडताळून पाहिले. ते ज्ञान चुकीचे ठरले असते तरी मला ही पद्धत न्यायाचीच वाटली असती. आजोबांच्या वाट्याला हे आले नाही, याचे मला वाईट वाटते. मोजले असते तर निकाल आमच्या बाजूने लागला असता की नाही, हे मात्र आता मी छातीठोकपणे सांगणार नाही.

मग दोष कोणाचा?

येथे एक कोडे उभे राहते. हिरवे कासव आणि समुद्री गवत लक्षावधी वर्षे एकत्र नांदत आले आहेत. १५०३ मध्ये कोलंबसाला कॅरिबियन समुद्रातील केमन बेटांजवळ इतकी कासवे दिसली की त्याने त्या बेटांना 'लास तोर्तुगास' म्हणजे कासवांची बेटे असेच नाव दिले. त्या काळी त्या समुद्रात कोट्यवधी हिरवी कासवे असावीत असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. तरीही कुरणे टिकून होती. मग आज थोड्या कासवांनी कुरण का संपते?

आजोबांचे एक वाक्य मला येथे उपयोगी पडले. ते म्हणायचे, "मेंढरू खाऊन गवात मारत न्हाई रं, एका जाग्याला बसून मारतंय." जनावर चरून पुढे गेले तर गवत पुन्हा फुटते. ते तेथेच राहिले तर फूट वर येते न येते तोच खाल्ली जाते. खोडातली शिल्लक संपते, फुले नाहीत म्हणून बी नाही, मुळे मरतात, वाळू सुटते आणि लाटांबरोबर हलू लागते. एकदा वाळू हलू लागली की नव्या रोपाला पाय रोवणे कठीण. सावरण्याची शक्ती जाते ती या टप्प्यावर. तोवर कुरण वरून हिरवेच दिसत असते.

पूर्वी कासवांना एका जागी बसू न देणारे कोणी तरी होते. ते म्हणजे मोठे शार्क मासे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील शार्क बे या उपसागरात झालेल्या अभ्यासात दिसून आले की वाघ-शार्कांचा वावर वाढला की धष्टपुष्ट कासवे चांगल्या चाऱ्याची पण धोक्याची जागा सोडून सुरक्षित जागी सरकतात. शार्क किती कासवे खातो यापेक्षा त्याच्या धाकाने कासवे हलत राहतात, हेच गवताच्या दृष्टीने महत्त्वाचे. माणसाने जगभर शार्कची बेसुमार मासेमारी केली. कासवांची शिकार थांबवली, पण त्यांना हलवणारा धाक आधीच नाहीसा केला होता. शिवाय ठिकठिकाणची कुरणे गढूळ पाण्याने, बांधकामाने व समुद्राच्या वाढत्या उष्णतेने कमी झाली. म्हणजे चरणाऱ्यांना जावयास जागाही थोडी उरली.

लक्षद्वीपचे उदाहरण एकटे नाही. इंडोनेशियातील देरावान बेटाजवळच्या संरक्षित समुद्रात पाने अपुरी पडल्यावर कासवांनी वाळू उकरून खालचे खोड व मुळे खाण्यास सुरुवात केली, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदवले आहे. बर्म्युडा बेटांजवळही कासवांना जाळीने दूर ठेवलेल्या तुकड्यांचा अभ्यास झाला, आणि तेथील कुरणे नष्ट होण्यामागे अतिचराई असावी असे मत संशोधकांनी मांडले.

समारोप

ऑक्टोबर २०२५ मध्ये निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने हिरव्या कासवाला 'संकटग्रस्त' वर्गातून काढून सर्वांत कमी चिंतेच्या वर्गात घेतले. अनेक देशांतील माणसांनी किनाऱ्यावर रात्री जागून अंडी राखली, शिकार थांबवली, त्याचे हे फळ आहे. ते मोलाचे आहे, आणि कासवांना पुन्हा मारावे असा या लेखाचा अर्थ कोणी कृपया काढू नये. एका जनावराला राखले म्हणजे काम संपले असे नाही, एवढेच मला म्हणावयाचे आहे. कुरण, त्यात लपणारे मासे, बाहेरून धाक घालणारा शार्क आणि त्या पाण्यावर पोट असलेला कोळी यांचाही हिशेब राखणदाराला ठेवावा लागतो.

प्रकल्प पूर्ण झाल्यावर मी वडिलांना फोन केला. त्यांचा वाडा तेव्हा मुलुखाबाहेर होता. मी त्यांना अगत्तीची सारी हकीकत सांगितली. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मग आता ती कासवं चरायला कुठं जात्यात?"

मी म्हणालो, "दुसऱ्या बेटाकडं."

"आन् तितलंबी संपलं म्हंजे?"

मला उत्तर देता आले नाही. प्रकल्पाच्या शेवटी निष्कर्ष लिहावयाचा असतो. मी तेथे वडिलांचा हा प्रश्न लिहिला आणि सरांनी तो तसाच ठेवला.